परभाषेचा स्वाध्याय

परीक्षांचे निकाल लागले, प्रवेशांची धांदल ओसरली आणि दिवसाकाठी एखाद्या तासाची मोकळीक पदरात पडली, की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात एखादी परदेशी भाषा शिकण्याचा विचार डोकावतो. आणि तो डोकावताक्षणीच घरची वडीलधारी मंडळी, शेजारीपाजारी आणि नुकतेच परदेशी जाऊन आलेले एखादे मामा एकमुखाने जो प्रश्न विचारतात तो असा, की त्या भाषेला ‘स्कोप’ कितपत आहे? प्रश्न अगदीच अनाठायी आहे असे नाही. जर्मन व जपानी जाणणाऱ्यांना पुण्यातील कारखान्यांतून आणि संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्यांतून मागणी असते हे सर्वश्रुत आहे, आणि ज्याला चरितार्थासाठीच भाषा शिकावयाची आहे त्याने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मॅक्सम्युलर भवनात किंवा तत्सम संस्थेत रीतसर नाव घालावे हेच इष्ट. प्रस्तुत लेख आहे तो मात्र दुसऱ्या एका विद्यार्थ्यासाठी: ज्याच्या गावी असा वर्ग नाही, किंवा असला तरी त्याची फी परवडत नाही, किंवा ज्याचे दिवसाचे वेळापत्रकच असे की संध्याकाळी सहा ते आठ कोठे हजर राहणे त्याला शक्य नाही, आणि म्हणून ज्याने आपल्या खोलीत बसून, पुस्तक, वही आणि फोन एवढ्या साहित्यावर एक परकी भाषा हस्तगत करण्याचे मनात घेतले आहे.

अशा विद्यार्थ्याला हजेरीपटाचा धाक नसतो, भरलेल्या फीचा सल नसतो, आणि शेजारच्या बाकावरचा सोबती पुढे गेल्याची टोचणीही नसते. सहाव्या-सातव्या आठवड्यात नवलाई संपून क्रियापदांच्या रूपांचा रुक्ष प्रदेश लागतो, त्या वेळी त्याला पुन्हा पुस्तकापाशी आणून बसवू शकेल अशी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे त्या भाषेत असलेले असे काही तरी, की जे त्याला अन्य मार्गाने मिळत नाही. ‘स्कोप’ ही पाच वर्षांनंतरची वार्ता आहे. रात्री साडेदहाला, झोप आलेली असताना, ती कोणाला जागे ठेवीत नाही.

आपल्याकडच्या ज्या थोरांनी परभाषा कमावल्या त्यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अस्पृश्यतेपायी संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने हस्तगत केले, कारण ज्या ग्रंथांशी त्यांना झुंज घ्यावयाची होती ते त्या भाषेत होते. जर्मन विद्वत्तेच्या ओढीने ते जर्मनही शिकले, आणि १९२१ साली बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठी त्यांनी जे पत्र धाडले ते जर्मन भाषेत, स्वहस्ते लिहिलेले होते. विनोबा अरबीकडे वळले ते कुराण मुळातून वाचता यावे म्हणून. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनी फारसी अभ्यासली ती मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळसे दफ्तर त्या भाषेत पडून होते म्हणून, आणि त्या परिश्रमातून ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या नावाचे खंड भारत इतिहास संशोधक मंडळाकडून निघाले. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली. पण त्याच पगडींनी हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना आपल्या अमलाखालील लोकांची गोंडी भाषाही आत्मसात केली, जिला त्या काळी कोणी ‘स्कोप’ आहे असे म्हटले नसते. यांपैकी कोणीही आधी भाषा निवडून मग तिच्यात काय वाचावे याचा शोध घेतला नाही. वाचावयाचे काय ते आधीच ठरलेले होते, भाषा मागाहून आली.

तेव्हा निवड करू पाहणाऱ्याने जगातील सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या भाषांचे तक्ते बाजूस ठेवावेत आणि आपण सध्या काय उसने वाचतो, काय भाषांतरातून पाहतो, कोणत्या गोष्टीच्या तळाशी लिहिलेल्या ओळींवर अवलंबून राहतो याची स्वतःशीच चौकशी करावी. जपानी चित्रपट आणि चित्रकथांवर ज्याची वर्षे गेली आहेत त्याला जपानीहून अधिक ‘उपयुक्त’ भाषा दुसरी नाही, मग कोणी काहीही म्हणो. गोव्यातील विद्यार्थ्याच्या घरी पणजोबांच्या जमिनीचे कागद असतील, तर ते १९६१ च्या पूर्वीचे म्हणून पोर्तुगीजमध्ये असण्याचाच संभव अधिक. त्यातून १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता कौटुंबिक बाबतींत गोव्यात आजही लागू असल्यामुळे कायद्याच्या विद्यार्थ्याला त्या भाषेचे प्रयोजन घराच्या उंबरठ्यावरच सापडते. इतिहासाची गोडी असलेल्याला फारसीची वाट आहे, आणि ती मराठी माणसाला वाटते त्याहून फार सोपी आहे. अर्ज, हुकूम, दस्तऐवज, मुदत, तपशील हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याची अर्धी शब्दसंपत्ती आधीच जमेस धरलेली असते, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि लिंगभेदाचा जाच तर नाहीच. (शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी जो राजव्यवहारकोश रचला त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, फारसीला दरबारातून घालवण्यासाठी झालेला तो ग्रंथ आज फारसीच्या नवशिक्याला प्राथमिक शब्दावली म्हणून कामी येतो, हा इतिहासाचा विनोद मोठा खासा आहे.) मात्र ओळखीचे शब्द अर्थ पालटून भेटतात, याची खूणगाठ बांधून ठेवावी, तिकडे ‘खूब’ म्हणजे चांगले, आपण त्याचे ‘खूप’ करून त्याला पुष्कळाचा अर्थ दिला.

यानंतर येतो तो प्रश्न पुस्तकांचा, आणि येथे मला जे विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे ते असे. परकी भाषा शिकवणारी जी पुस्तके, जे पाठ आणि जी ध्वनिमुद्रणे आपल्या हाती पडतात ती बहुतेक सर्व इंग्रजी ही मातृभाषा असणाऱ्या शिकाऊसाठी सिद्ध केलेली असतात. त्यामुळे त्यांत जेथे पाने खर्ची घातलेली असतात तेथे मराठी विद्यार्थ्याला काही अडत नाही, आणि जेथे तो अडखळतो तेथे पुस्तक मौन धारण करते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेने आपल्या अधिकाऱ्यांच्या अनुभवावरून जो हिशेब मांडला आहे त्यात फ्रेंच वा स्पॅनिशला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास, जर्मनला सुमारे ९००, हिंदी-फारसीसारख्या भाषांना सुमारे ११००, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना सुमारे २२०० तास लागतात असे दिले आहे. म्हणजे दररोज एक तास दिला तर जपानीला सहा वर्षे. हा आकडा वाचून कित्येकजण जपानीचा नाद सोडतात. पण हा हिशेब ज्याच्या नावे मांडला आहे तो आपण नव्हे. ज्या हिंदीला तेथे ११०० तासांचा धडा मानले जाते ती आपल्याकडचे पोर दूरदर्शनसमोर बसून उचलते.

जपानीचेच उदाहरण विस्ताराने घेऊ, कारण मराठीशी तिचे जे साम्य आहे ते पुस्तकांत सहसा लिहिलेले आढळत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि इंग्रजीत नामाच्या आधी जे शब्द येतात त्यांचे काम जपानीत नामाला मागून जोडलेले प्रत्यय करतात. आपल्या विभक्तिप्रत्ययांना आणि शब्दयोगी अव्ययांना सरावलेल्या कानाला यात नवे काहीच नाही. ‘किनो किता हितो’ याचा अर्थ ‘काल आलेला माणूस’. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. इंग्रज शिकाऊला मात्र ही रचना उलटी फिरवून संबंधी सर्वनाम घालून समजावून घ्यावे लागते आणि पाठ्यपुस्तकात त्याला एक स्वतंत्र प्रकरण लागते. ‘ताबेते मिरु’, म्हणजे ‘खाऊन बघणे’. ‘मिरु’ म्हणजे पाहणे, आणि ते आपल्यासारखेच ‘प्रयत्न करून पाहणे’ या अर्थी दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशी येऊन बसते. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’. ‘मोत्ते कुरु’ घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ घेऊन जाणे. ही संयुक्त क्रियापदे परदेशी शिकाऊंना महिनोन्‌महिने छळतात. मराठी मुलाला ती एका दुपारी कळतात, अट एवढीच की त्याने ती इंग्रजी स्पष्टीकरणाच्या द्वारातून न नेता थेट मराठीशी ताडून पाहावीत. ‘ओचा गा सुकी’ या वाक्यात ‘आवडणे’ हा चहाचा धर्म आहे, माझी क्रिया नव्हे, हे समजावताना पुस्तकवाल्यांची त्रेधा उडते. ‘मला चहा आवडतो’ असे जन्मभर बोलत आलेल्याला त्यात चमत्कारिक ते काय वाटणार?

उच्चारांतही हेच. ‘त्सुनामी’तील आरंभीचा ध्वनी इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेवर बसत नाही, परंतु चाक आणि चूल या शब्दांतील आपला दंततालव्य च त्याच्या अगदी निकटचा आहे, चहातील च निराळा. हाच ध्वनी जर्मनमध्ये पदोपदी भेटतो. याच्या उलट जेथे मराठी माणूस हमखास घसरतो ते स्थळ पुस्तकात क्वचितच ठळक केलेले असते: ऱ्हस्व-दीर्घ. ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. आपण शुद्धलेखनाच्या वहीत वेलांटी पहिली की दुसरी यावर गुण गमावीत आलो, पण बोलताना इकाराची लांबी आपण सहसा पाळीत नाही, आणि परिणामी जपानी माणसाच्या काकांना विनाकारण म्हातारे करून सोडतो. (शुद्धलेखनाच्या नियमांचा राग करणाऱ्यांना जपानी अवश्य शिकवावी.) आणि लिपी? तेथे कोणतीही सवलत नाही. हिरागाना व काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत, आणि त्यांच्या तक्त्याची रचना स्वरांनुसार व व्यंजनवर्गांनुसार असल्यामुळे बाराखडी घोकलेल्याला तीन-चार आठवड्यांत पाठ होतात. परंतु जपान सरकारने नित्यव्यवहारासाठी मुक्रर केलेली २१३६ कांजी चिन्हे ही कोणाच्याही मातृभाषेची भीड ठेवीत नाहीत. तेव्हा मराठी विद्यार्थ्याने व्याकरणात वाचलेला वेळ तिकडे वळता करावा, हा जमाखर्च प्रारंभीच मांडून ठेवलेला बरा.

जर्मनविषयी थोडक्यात. तिच्यातील तीन लिंगांना परदेशी विद्यार्थी शिव्या घालतात; तो, ती, ते यांच्यात वाढलेल्याला तीन या संख्येचा धाक नाही, फक्त कोणते नाम कोणत्या घरात ते नव्याने शिकावे लागते, कारण तिकडे सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी आहे. ‘मीर इस्ट काल्ट’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’, तेथेही ‘मी’ चतुर्थीतच. खरी अडचण पडते ती ओठ गोल करून ‘इ’, ‘ए’ म्हणावे तसे काढावयाच्या स्वरांची, जे मराठीत नाहीतच आणि ज्यांचे आपण ‘यु’ करून टाकतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की स्वाध्यायी विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तक कोणतेही घेतले तरी त्याच्या शेजारी एक वही ठेवून तिच्यात प्रत्येक नवा नियम मराठी वाक्याच्या जोडीने उतरावा. जेथे जोड जुळते तेथे पुस्तकातील स्पष्टीकरण बेलाशक ओलांडून जावे आणि जेथे जुळत नाही तेथे तांबडी रेघ मारून थांबावे. सहा महिन्यांनी ती वही म्हणजे मराठी भाषकासाठी लिहिलेले त्या भाषेचे व्याकरणच होते, आणि असे व्याकरण बाजारात सहसा विकत मिळत नाही. जपानच्या एनएचके या आकाशवाणीचे विनामूल्य पाठ हिंदीतूनही उपलब्ध आहेत. इंग्रजी उत्तम येत असले तरी ते हिंदीतूनच ऐकावेत, कारण हिंदी वाक्याचा सांगाडा आपल्या वाक्याला मिळताजुळता आहे. जर्मनसाठी डॉइच व्हेले या संस्थेचे पाठ तसेच फुकट मिळतात.

अभ्यासाच्या पद्धतींविषयी जगात इतके लिहिले गेले आहे, की त्यातले निवडणे हाच एक अभ्यास होऊन बसतो. मला दोन माणसांच्या हकिगती उपयुक्त वाटतात. पहिला हाइनरिख श्लीमान, ज्याने पुढे ट्रॉयचे अवशेष उकरले. तरुणपणी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका पेढीत कारकुनी करीत असताना त्याने एकामागून एक भाषा शिकण्याचा सपाटा लावला. मोठ्याने पुष्कळ वाचावे, भाषांतर करू नये, आपल्याला गोडी असलेल्या विषयांवर रोज निबंध लिहावा, तो जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा, आणि दुरुस्त केलेला मजकूर पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवावा, असा त्याचा शिरस्ता होता. इंग्रजी कानावर पडावी म्हणून तो रविवारी दोन वेळा इंग्रजी चर्चमध्ये जाई आणि प्रवचनकाराचा शब्द न्‌ शब्द ओठांतल्या ओठांत म्हणे. रशियन शिकण्यास घेतली तेव्हा गावात शिक्षक मिळेना. त्याच्यापाशी एक जुने व्याकरण, एक शब्दकोश आणि ‘टेलेमाखस’ या फ्रेंच कादंबरीचे वाईट भाषांतर एवढाच संभार होता. समोर कोणी ऐकणारे असले की आपली प्रगती झपाट्याने होते असे ध्यानात येऊन त्याने एका गरीब यहुदी माणसाला आठवड्याला चार फ्रँक देऊन रोज संध्याकाळी दोन तास आपले रशियन पाठांतर ऐकण्यासाठी बसवून ठेवले, ज्याला त्यातले अक्षरही समजत नव्हते. घरांच्या तक्तपोशी लाकडी असल्यामुळे हे घोकणे सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाई, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्याला दोनदा जागा बदलावी लागली. श्लीमानने स्वतःविषयी लिहिलेले सगळेच जसेच्या तसे मानू नये, असे अभ्यासक बजावतात. सहा आठवड्यांत रशियन पत्रे लिहू लागल्याची त्याची बढाई मीही थोडी सूट देऊनच वाचतो. पण लिहिलेले तपासून घेणे आणि कोणाच्या तरी देखत मोठ्याने बोलणे, ही दोन कलमे वगळून स्वाध्याय करणारा विद्यार्थी दोन वर्षांनंतरही मुका राहतो, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. फोनवरील खेळवजा पाठांत हीच दोन कलमे सहसा नसतात. तेथे ओळखावयाचे असते, उच्चारावयाचे फारसे नसते.

दुसरी काटो लोंब, हंगेरीची दुभाषी. १९०९ साली पेच येथे जन्मलेल्या या बाईंचे शिक्षण रसायनशास्त्राचे. भाषा त्या जवळजवळ सर्वच स्वतः शिकल्या. महायुद्धाच्या काळात बुडापेस्टमध्ये रशियन पुस्तक बाळगणे जिवावरचे काम असताना त्यांनी गोगोलच्या ‘मृत आत्मे’ या कादंबरीची पाने एका हंगेरियन ज्ञानकोशाच्या पानांत दडवून तळघराच्या आश्रयात वाचली. अडलेल्या प्रत्येक शब्दासाठी कोश न उघडता पुढे जावे, महत्त्वाचा शब्द पुन्हा येतोच आणि आपला अर्थ स्वतःच उकलून दाखवतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. श्लीमानच्या पाठांतराशी हे विसंगत वाटेल. मला तसे वाटत नाही. पहिल्या वर्षी श्लीमान, दुसऱ्या वर्षी लोंब, एवढी तजवीज केली की दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात.

शब्दसंग्रहासाठी हल्ली कार्डांची पद्धत रूढ आहे. माणूस शिकलेले किती वेगाने विसरतो याचे मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली प्रसिद्ध केले, आणि १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर याने त्यावरून कप्प्यांची पेटी सुचवली: येणारे कार्ड मागच्या कप्प्यात, म्हणजे पुढील उजळणी अधिक दिवसांनी, चुकलेले पहिल्या कप्प्यात परत. ‘अँकी’ नावाची फुकट संगणक-प्रणाली हेच काम करते. कार्डावर सुटा शब्द न लिहिता वाक्य लिहावे आणि ते आपण वाचलेले असावे. दुसऱ्याने तयार केलेली दहा हजारांची गड्डी उतरवून घेणारे बहुधा तिसऱ्या आठवड्यात थकतात.

परीक्षांनाही बसावे, कारण मुदत असल्याखेरीज आपल्यापैकी बहुतेकांची कामे तडीस जात नाहीत. जपानीची ‘जेएलपीटी’ परीक्षा जुलै व डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि तिची केंद्रे पुण्यामुंबईत आहेत. पाचवी पायरी सर्वांत खालची, पहिली सर्वांत वरची. पण तिच्यात पर्याय निवडावयाचे असतात, लिहिणे वा बोलणे नसते, म्हणून प्रमाणपत्र हाती आले की बोलता येऊ लागले असा समज करून घेऊ नये.

आणि एखादी भाषा सोडावी केव्हा, हेही आधीच ठरवावे. वर्षभर नेटाने केल्यानंतर, मूळ ज्या वस्तूसाठी ती धरली होती तिची ओढच उरली नसेल, तर निःसंकोच सोडावी. ओढ शाबूत असून केवळ कंटाळा आला असेल, तर पाठ्यपुस्तक मिटून ती मूळ वस्तूच हाती घ्यावी, अडखळत का होईना. चौफेर प्रावीण्याचा हट्टही नको. लोंबबाईंचा सोळा भाषांशी संबंध आला, परंतु मातृभाषेसह पाचच आपल्यात सदैव जिवंत असतात, काहींना वापरापूर्वी अर्ध्या दिवसाची उजळणी लागते, आणि उरलेल्या केवळ लेखी भाषांतरापुरत्या येतात, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. गोव्यातील ज्या मुलाला पणजोबांचे खरेदीखत वाचता आले, त्यावरील शेरे उलगडले आणि चतुःसीमा कळल्या, त्याला लिस्बनच्या हॉटेलात कॉफी मागता आली नाही तरी त्याचे काही अडत नाही. ती त्याला हवी होईल तेव्हा तेवढीच चार वाक्ये तो शिकून घेईल.